स्वस्ताईचा हिशेब

हे लिहिताना टेबलावर पाच सेंटांचं एक अमेरिकन नाणं ठेवलं आहे, 1957 सालचं. पुढे राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा चेहरा, मागे माँटिसेलोतलं त्याचं घर आणि घराच्या उजव्या अंगाला बारीकसा 'डी'. म्हणजे हे डेन्व्हरच्या टांकसाळीत पडलेलं. वजन पाच ग्रॅम. तिथे त्याला निकेल म्हणतात, पण त्यात निकेल पाव हिस्साच, बाकी सगळं तांबं. इतक्या हातांतून फिरलं आहे की जेफरसनच्या केसांच्या बटा घासून सपाट झाल्यात. जुन्या नाण्यांच्या एका दुकानात चिल्लरच्या डब्यात ते सापडलं, आणि पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेवरचं हे पुस्तक त्या डब्यातूनच निघालं म्हटलं तरी चालेल.

या नाण्याला तेव्हा काय यायचं? सगळ्यात आधी कोकाकोलाची साडेसहा औंसांची बाटली. कोकाकोलाचा हा भाव 1886 पासूनचा, आधी पेल्याचा, मग बाटलीचा. मधे दोन महायुद्धं झाली, महामंदी येऊन गेली, साखर रेशनवर गेली, तरी बाटली पाच सेंटांनाच. कंपनीच्या अंगी काही दानत होती म्हणून नव्हे. बाटल्या विकणाऱ्या लाखो यंत्रांना एकच फट होती आणि त्या फटीत एकच नाणं जायचं. भाव सहा सेंट करायचा तर गिऱ्हाइकाने खिशातून दोन नाणी काढायची, आणि यंत्राने ती ओळखायची. थेट दहा सेंटांच्या नाण्यावर उडी मारायची तर भाव एका रात्रीत दुप्पट. या कात्रीत कंपनी इतकी सापडली की 1953 मध्ये तिचे सूत्रधार रॉबर्ट वुड्रफ यांनी आपल्या मित्राला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना, साडेसात सेंटांचं नाणं पाडा अशी गळ घातली. नाणं काही पडलं नाही. अखेर 1959 च्या सुमाराला पाच सेंटांची बाटली दुकानांतून दिसेनाशी झाली.

म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात प्रसिद्ध स्वस्ताईच्या मुळाशी पत्र्यातली एक फट होती. हे कळल्यापासून जुने भाव वाचताना मी जरा सावध असतो.

त्या काळाची जी भावांची यादी नेहमी फिरते ती अशी: पेट्रोल गॅलनला 30 सेंट, टपालाचं तिकीट 3 सेंट (ते 1 ऑगस्ट 1958 ला 4 सेंट झालं तेव्हा केवढी कुरकुर झाली!), मॅकडोनल्ड्सचा हॅम्बर्गर 15 सेंट, ज्यूकबॉक्सवर दहा सेंट टाकले की आवडतं गाणं. यादी वाचून माणूस उसासा टाकतो. आपल्याकडे तर उसाशाच्या आधी बोटांवर गुणाकार सुरू होतो. तेव्हाचा दर डॉलरला 4 रुपये 76 पैसे. म्हणजे हॅम्बर्गर 71 नव्या पैशांचा. नवा पैसाही माझ्या नाण्याच्याच वर्षीचा, 1 एप्रिल 1957 ला चलनात आलेला, आणि आपली आजी-आजोबांची पिढी तेव्हा सोळा आण्यांचा रुपया शंभरात बसवताना मेटाकुटीला आली होती. या गुणाकारातून हाती काहीच लागत नाही. तसंही 1946 च्या कायद्याने वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना अमेरिकेत कायमचं राहायला जाता येत होतं. मुंबईकर त्या देशाला ओळखायचा ते धोबीतलावच्या मेट्रोत, गार हवेत बसून, पडद्यावरून. पडद्यावरचं स्वयंपाकघर कितीला आलं, याची चौकशी कोण करतो?

मी या पुस्तकात भाव पैशांत मोजलेला नाही, वेळेत मोजला आहे. मार्च 1956 पासून तिथलं किमान वेतन तासाला 1 डॉलर होतं. कारखान्यातल्या कामगाराची सरासरी 1957 मध्ये तासाला 2 डॉलरच्या किंचित वर. आता यादी पुन्हा वाचा. डझनभर अंडी 57 सेंटांच्या आसपास, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाची अर्ध्या तासाहून जास्त मजुरी. कॉफीचा पौंड साधारण एक डॉलर, म्हणजे अख्खा तास. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला दिवसा तीन मिनिटांचा फोन करायचा तर दोन डॉलरच्या वर. तेवढ्या बोलण्यासाठी दोन तासांहून जास्त राबायचं. काळापांढरा टेलिव्हिजन दीडशे-दोनशे डॉलर, कारखान्यातल्या कामगाराचे दोन-अडीच आठवडे. अंड्यांच्या बाबतीत ती अमेरिका आजच्याहून महाग होती, हे तिथल्या म्हाताऱ्यांना सांगून पाहा, पटत नाही. त्यांना भाव आठवतो, पगाराचं पाकीट नाही.

आणि हा तासाचा डॉलर सगळ्यांच्या वाट्याला कुठे होता? शेतावरचे मजूर किमान वेतनाच्या कायद्याबाहेर. घरकामाच्या बायका बाहेर. दुकानांतले आणि खाणावळींतले बहुतेक नोकरही बाहेर. तुमच्यापुढे 15 सेंटांचा हॅम्बर्गर ठेवणाऱ्या पोराला तासाला डॉलर द्यावा असं केंद्राचा कायदा म्हणत नव्हता. 15 सेंटांत तेही गणित होतंच. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या बाईला पुरुषाच्या डॉलरमागे साठ सेंटांच्या आसपास पडत. काळ्या कुटुंबाचं उत्पन्न गोऱ्या कुटुंबाच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. दारिद्र्याचे अधिकृत आकडे 1959 पासूनचे मिळतात, आणि पहिलाच आकडा 22.4 टक्के आहे. शंभरातले बावीस! रुपेरी पडद्यावर एकही दिसत नाही.

ती दारिद्र्यरेषा कशी आखली गेली ते सांगायचा मोह आवरत नाही. सामाजिक सुरक्षा खात्यात मॉली ऑर्शान्स्की नावाच्या एक अर्थतज्ज्ञ होत्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सरकारी आहारतज्ज्ञांच्या सर्वात काटकसरीच्या जेवणाचा खर्च घेतला आणि त्याला तिनाने गुणलं. तीनच का? तर 1955 च्या पाहणीत सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात होता म्हणून. अमेरिकेतलं दारिद्र्य आजही बऱ्याच अंशी त्याच तिपटीवर मोजलं जातं. पन्नासच्या दशकातल्या गृहिणीचं वाणसामानाचं टिपण असं अजून सरकारदरबारी चालू आहे.

त्याच स्वयंपाकघरातली दुसरी वस्तू म्हणजे स्वॅन्सनचं 'टीव्ही डिनर'. अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत कप्पे, एका कप्प्यात टर्की, दुसऱ्यात रताळं, तिसऱ्यात मटार. ओव्हनमध्ये 25 मिनिटं, की जेवण तयार. याला स्वस्ताईचं प्रतीक मानतात. किंमत होती 98 सेंट. एका माणसाच्या एका जेवणाला किमान वेतनाचा एक तास! चौघांच्या घराने रोज रात्री हे खाल्लं असतं तर महिन्याला 120 डॉलर गेले असते. साहजिकच रोज कोणी खात नव्हतं. घरोघरी मांस आणि बटाटेच शिजत होते, डब्यातल्या मशरूम सूपमध्ये भाज्या भाजल्या जात होत्या, आणि 'टीव्ही डिनर' ही आईला जरा उसंत मिळावी म्हणून केलेली चैन होती.

खाणं रोखीचं, पण मोठी खरेदी उधारीची. त्या दशकाचं खरं चलन डॉलर नसून हप्ता होतं, असं मी एका प्रकरणात लिहिलं आहे आणि त्या वाक्यावर एका मित्राशी माझा वादही झाला. त्याचं म्हणणं, हप्ता विसाच्या दशकातही होता. होता, मोटारी तेव्हाही हप्त्यावर जात. पण घर, मोटार, फ्रीज, टेलिव्हिजन हे सगळं एकाच पगारावर, एकाच वेळी, आणि तेही कारकून-फिटरच्या घरात, हे पन्नासच्या दशकात घडलं. 1957 ची शेवरले सव्वादोन-अडीच हजार डॉलरला पडे. कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न 5,000 डॉलरच्या घरात. अर्ध्या वर्षाची कमाई एका गाडीत कोण ओतणार? मग हप्ते. बरं, गाडीची खरी किंमत तरी कळावी! विक्रेता आधी भाव फुगवायचा, मग जुन्या गाडीचे जास्त पैसे देतो म्हणत तीच फुगवलेली रक्कम परत द्यायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांनी 1958 मध्ये कायदा करून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवायला लावला. त्या कागदाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. छापील किमतीवर घासाघीस करण्यातच ज्यांची हयात गेली, त्या आपल्या वाचकांना हे प्रकरण घरचं वाटेल.

सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात साठ हजार क्रेडिट कार्डं टपालाने पाठवून दिली. कोणी मागितलेली नव्हती. लिफाफा फोडला की आत पत, आयती. या कार्डाचं नाव बँकअमेरिकार्ड, त्याचंच पुढे व्हिसा झालं. अर्ज नाही, जामीन नाही, सावकाराच्या ओट्यावर ताटकळणं नाही. मला त्या फ्रेस्नोच्या पोस्टमनचं कुतूहल आहे. झोळीत काय घेऊन फिरतोय, याचा त्याला पत्ताही नसेल.

आता घर. घराशी माझा हा वेळेचा हिशेब अडला, आणि तो का अडला ते इथेच सांगतो, कारण सगळं पुस्तक त्या अडण्यावर बेतलेलं आहे.

पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटटाउन 1952 पासून उभं राहत होतं. विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने मोटारकारखान्याची पद्धत उलटी वापरली. इथे माल जागेवर आणि कामगार पुढे सरकणारे. एक टोळी फक्त पाया ओतणार, दुसरी फक्त फरशा बसवणार, तिसरी फक्त रंग देणार. सतरा हजारांवर घरं अशी बांधली. दहा-बारा हजार डॉलरचं घर, सरकारी हमीचं कर्ज, आणि युद्धातून परतलेल्या सैनिकाला तर पदरचा पैसाही न घालता मिळण्याची सोय. तासांत मांडा, नाहीतर हप्त्यांत, हिशेब चोख बसतो. फक्त लेव्हिट काळ्या माणसाला घर विकत नव्हते. ते लपवतही नव्हते. आपण विकलं तर गोरे येणार नाहीत, असं उघड कारण देत होते. कर्जांना हमी देणाऱ्या केंद्रीय खात्यानेही काळ्यांच्या वस्त्यांवर वर्षानुवर्षं काट मारलेली होती.

ऑगस्ट 1957 मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे जोडपं तीन मुलांना घेऊन तिथल्या डीपग्रीन लेनवर राहायला आलं. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतलं, 12,150 डॉलरला. विल्यम महायुद्धात लष्करात होते. दोघंही शिकलेली, पगार नियमित, पैसे चोख. पहिल्याच रात्रीपासून दारापुढे शेकडोंची गर्दी जमू लागली. दगड आले, काचा फुटल्या. गर्दी हटवायला राज्याचे पोलीस बोलवावे लागले. मागच्या रिकाम्या घरात काही मंडळींनी अड्डा केला, दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावला आणि मायर्सांच्या घराच्या दिशेने मोठमोठ्याने गाणी वाजवत ठेवली. शेजारचं वेक्स्लर कुटुंब आणि काही क्वेकर पंथीय मात्र पाठीशी उभे राहिले, आळीपाळीने घरात येऊन बसले. अखेर पेनसिल्व्हेनिया राज्याने कोर्टातून मनाईहुकूम मिळवला. मायर्स कुटुंब तिथे काही वर्षं राहिलं.

मिनिटं, तास, आठवडे या मोजपट्टीत हे कुठे बसवू? मायर्सांच्या डॉलरला बारा हजारांचं घर बारा हजारांना मिळालं, पण वर आणखी काय काय मोजावं लागलं याची पावती कुठेच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूपाशी दोन प्रश्न विचारतो: कितीला होती, आणि कोणाला मिळत होती. दुसऱ्या प्रश्नाने पुस्तकाची पानं दुप्पट झाली.

एक साधं उदाहरण. बँकेचं कर्ज किंवा दुकानाचं खातं बाईला स्वतःच्या एकटीच्या नावावर मिळणं मुश्कील होतं. नवऱ्याची नाहीतर बापाची सही लागे. तो भेद कायद्याने बंद व्हायला 1974 उजाडलं. जाहिरातींत मात्र फ्रीजचं दार उघडून हसते ती बाईच.

आणि ते हसणं टेलिव्हिजनवर येत होतं. 1950 मध्ये दहातल्या एका घरातही टेलिव्हिजन नव्हता. 1960 पर्यंत दहातल्या जवळपास नऊ घरांत पोचला. इतक्या वेगाने दुसरी कोणतीही वस्तू घरात शिरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. 4 ऑक्टोबर 1957 ही तारीख मला फार आवडते. त्या दिवशी रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला, आणि त्याच दिवशी सीबीएसवर 'लीव्ह इट टू बीव्हर' ही मालिका सुरू झाली: नीटनेटकं घर, मोत्यांची माळ घालून स्वयंपाक करणारी आई, शहाणे बाबा आणि खोड्या करणारं पोरगं. डोक्यावरून रशियन गोळा बीप-बीप करत फिरतोय आणि खाली बीव्हरच्या खोड्या. त्या गोळ्याच्या धसक्याने वर्षभरात संसदेने शिक्षणासाठी कोट्यवधी डॉलरचा कायदा केला. गणित-विज्ञानाची पुस्तकं बदलली.

टेलिव्हिजनच्या पेटीवर लोकांचा विश्वास किती होता, ते प्रश्नमंजूषांच्या प्रकरणावरून कळतं. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे चार्ल्स व्हॅन डोरन 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमात आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिले आणि 1,29,000 डॉलर घेऊन गेले. काचेच्या खोलीत घाम पुसत, ओठ चावत उत्तर आठवायचं, ते सगळं घोटवून घेतलेलं होतं. उत्तरं आधीच दिलेली. 2 नोव्हेंबर 1959 ला त्यांनी संसदेच्या समितीपुढे कबुली दिली. मला त्यात पैशांपेक्षा तो घाम महत्त्वाचा वाटतो. ज्ञान मिळवण्याचे कष्टसुद्धा दाखवण्याची वस्तू झाले होते.

पोरांची दुनिया वेगळीच. पहिल्यांदाच पोरांच्या खिशात स्वतःचे पैसे खुळखुळू लागले आणि त्या खिशावर डोळा ठेवून अख्खा बाजार उभा राहिला. 1958 मध्ये व्हॅम-ओ कंपनीने प्लास्टिकच्या नळीचं कडं काढलं, 1 डॉलर 98 सेंटांचं हुलाहूप. उन्हाळाभर देश कंबर हलवत राहिला, आणि पानगळ येईस्तोवर गोदामं न विकलेल्या कड्यांनी भरली. पुढच्या मार्चमध्ये बार्बी आली, तीन डॉलरला. तिचे कपडे वेगळे विकत, आणि खरी मेख तिथे होती. फिलाडेल्फियातून डिक क्लार्क यांचं 'अमेरिकन बँडस्टँड' ऑगस्ट 1957 पासून रोज दुपारी देशभर दिसू लागलं. गाणी पुष्कळ काळ्या कलावंतांची, नाचणारी पोरं मात्र जवळजवळ सगळी गोरी, आणि तेही ज्या शहरात काळी वस्ती भरपूर होती तिथे. लेव्हिटटाउन तिथून मोटारीने फार दूर नाही. मायर्सांचं तिथे येणं आणि हा कार्यक्रम, दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या.

एल्विस प्रेस्लीवर मी फार लिहिलेलं नाही, त्याच्यावर कपाटं भरून लिहिलं गेलं आहे. एकच आकडा घेतला. मार्च 1958 मध्ये तो सक्तीच्या लष्करी भरतीत गेला तेव्हा त्याचा पगार महिन्याला 78 डॉलर झाला.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या. फोर्डची एडसेल गाडी कशी आपटली हे व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगतात, म्हणून इथे नाही. एवढंच ध्यानात ठेवावं की ती सप्टेंबर 1957 मध्ये, नेमकी मंदीच्या तोंडावर बाजारात आली. त्या मंदीत, जुलै 1958 मध्ये, बेकारी साडेसात टक्क्यांवर गेली. तरी भाव मात्र उतरले नाहीत, आणि अर्थशास्त्र्यांनी डोकं खाजवलं. पन्नासच्या दशकाला अखंड दिवाळी समजणाऱ्यांनी ते वर्ष एकदा नीट वाचावं.

शेवटचं प्रकरण मॉस्कोत घडतं. 24 जुलै 1959 ला सोकोल्निकी बागेतल्या अमेरिकन प्रदर्शनात उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना एक नमुन्याचं अमेरिकन घर दाखवलं. लोकांना आत बघत बघत जाता यावं म्हणून ते मधोमध कापून वाट काढलेली होती. लिंबाच्या रंगाच्या स्वयंपाकघरापाशी निक्सननी हिशेब मांडला: घर 14,000 डॉलरचं, महिना 100 डॉलरचा हप्ता, पंचवीस-तीस वर्षांची मुदत, आणि आमचा पोलाद कामगार तासाला 3 डॉलर मिळवतो, त्याला ते सहज परवडतं. हिशेब बरोबर आहे, मी पडताळून पाहिला. हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शालाही पुरता पोचत नाही. ख्रुश्चेव्ह म्हणाले, तुमची घरं वीस वर्षांतच जुनी होतात.

पोलाद कामगार त्या दिवशी कामावर नव्हते. निक्सन यांनीच बोलताबोलता ते सांगून टाकलं. 15 जुलैपासून पाच लाखांचा संप चालू होता, तो पुढे 116 दिवस चालला. त्या काळात पगाराचं पाकीट आलं नाही. हप्त्याची तारीख दर महिन्याला येत होती. निक्सन-ख्रुश्चेव्ह यांच्या त्या दिवसाच्या फेरीकडे परत येतो. वाटेत पेप्सीचा ठेला लागला. ख्रुश्चेव्ह यांनी कागदी पेला हातात घेतला, फोटोवाल्यांनी फोटो काढले. तिथे पेप्सी फुकट होती. माझ्या टेबलावरच्या नाण्याला मॉस्कोत त्या दिवशी काही काम नव्हतं.